पाच सेंटिमीटरचं वर्तुळ

शुक्रवार, १६ नोव्हेंबर २०१८. संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी निबिया फागुंदेस यांनी कार्मेलो गावात, आपल्या घराच्या परसात बसून, मंगळाचं चित्र काढायला घेतलं. चोवीस मिनिटांत ते पुरं झालं. सोमवारी त्यांनी ते टपालात टाकलं आणि बुधवारी ते मोंतेविदेओला एल्बिओ कासारेत्तोच्या हातात पडलं. एल्बिओनं ते पाहिलं आणि आधीच्या अठरा चित्रांबरोबर बाजूला ठेवून दिलं. ते फार चांगलं होतं. अडचण तीच होती.

एल्बिओचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर तो काचा घासायचा आणि संध्याकाळी हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाच्या ग्रहविभागाची नोंदवही सांभाळायचा. विभागात चाळीसेक माणसं होती, देशभर विखुरलेली. कुणाकडे गच्ची, कुणाकडे परसू, प्रत्येकाकडे एक छोटी दुर्बीण आणि पेन्सिल. मंडळाचा छापील अर्ज असायचा. त्यावर पाच सेंटिमीटर व्यासाचं एक वर्तुळ. दुर्बिणीतून ग्रह दिसेल तसा त्या वर्तुळात काढायचा. सगळ्यांची चित्रं एकाच मापाची असली की एकावर एक ठेवून, खिडकीच्या काचेवर धरून ताडून बघता येतात. साठ वर्षं हीच पद्धत चालत आली होती.

निबियाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. आयुष्यभर त्यांनी गावातल्या शाळेत खगोलशास्त्र शिकवलं. एल्बिओ त्यांचाच विद्यार्थी. चौदाव्या वर्षी त्यानं शनी काढला होता आणि कड्यांमधली काळी फट झोकात दाखवली होती. बाईंनी विचारलं होतं, फट दिसली का? शाळेच्या दुर्बिणीतून ती दिसणं शक्य नव्हतं. त्याला नुसतं माहीत होतं की ती असते. बाईंनी कागद वर्गासमोर फाडला आणि नवा दिला. आज तो बावन्न वर्षांचा होता आणि त्याच बाईंची एकोणीस चित्रं त्याच्या टेबलावर पडून होती.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता. पुढे तो दूर जात राहिला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर त्याचं बिंब निम्म्याहून लहान झालं. चार इंची आरशाच्या दुर्बिणीत नारिंगी दाण्याहून जास्त काही दिसायचं नाही. बाकीच्यांची चित्रं त्याप्रमाणेच रिकामी होत चालली होती; दोन धुरकट डाग, ध्रुवापाशी पांढरा ठिपका, संपलं. बाईंची चित्रं मात्र भरत चालली होती. सप्टेंबरात डाग होते. ऑक्टोबरात डागांच्या कडा दातेरी झाल्या. आणि या सोळा तारखेच्या चित्रात गडद भागाच्या आतले धागे सुटे सुटे दिसत होते. इतकं सगळं एकाच ठिकाणाहून येतं, नकाशातून. मंडळात नक्कल हा शब्द कुणी तोंडावर वापरत नसे. ‘आठवणीतून काढलेलं’ असं म्हणायचे. त्याहून मोठी बदनामी त्या माणसांत नव्हती.

शिवाय एका बाजूची सावली चुकली होती. पृथ्वीवरून मंगळ कायम जवळजवळ पूर्ण उजळलेला दिसतो, कडेला थोडा कापल्यासारखा, बस. बाईंच्या चित्रात पाव भागाहून जास्त अंधारात होता. एल्बिओनं ही वयाची चूक धरली.

पंधरा डिसेंबरला विभागाची वार्षिक बैठक होती. एखाद्याचं वर्षाचं काम रद्द झालं की त्याचं आधीचं कामही तपासायचं, असा नियम होता. बाईंची एकतीस वर्षांची अकराशे चाळीस चित्रं नोंदवहीत होती. एल्बिओनं दोन दिवस काढले आणि शेवटी फोन केला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. पहिल्या तारखेला शनिवार येतो, त्या दिवशी ये, एवढंच म्हणाल्या. भिंगं स्वतःची आण, म्हणजे माझ्या भिंगांवर नकाशा कोरलेला नाही याची खात्री होईल.

*

बस चार तासांनी कार्मेलोला पोचली. बाईंचं घर ओढ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. समोर पदपथ, मग दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं विटांची फरशी घातलेलं परसू. कोपऱ्यात लिंबाचं झाड, आडवी कपड्यांची दोरी, बसायला एक तिपाई, एक लहान टेबल आणि लाकडी बैठकीवर आखूड, जाड नळीची दुर्बीण. पलीकडे छातीएवढी भिंत. भिंतीवर कोपरं टेकून शेजारचा कोको उभा होता. सायकली दुरुस्त करायचा. त्याला सगळ्या गावाच्या बातम्या आणि वेळही भरपूर.

“तुम्ही ते मंडळाचे साहेब का?” कोको म्हणाला. “मग आमच्या बाईंना जरा सांगा, इतकं लांबचं बघतात त्यापेक्षा दोरीवरचे कपडे बघा म्हणावं. गुरुवारपासून लटकतायत. माझ्याकडे तासाभरात वाळतात आणि मधे आहे ती ही भिंत.”

“तू तुझ्या सायकली बघ, कोको,” बाई म्हणाल्या.

“हिवाळ्यानं बाईंकडे बिऱ्हाड केलंय,” कोको एल्बिओकडे बघून म्हणाला. “भाडं देत नाही आणि हलतही नाही.”

एल्बिओनं जाता जाता एका चादरीला हात लावला. ओली आणि गार होती. लिंबाची पानं पिवळी पडली होती. दुपारचे साडेचार वाजले होते, दक्षिण गोलार्धातला उन्हाळा तोंडावर आलेला, आणि विटांवर त्याची स्वतःची सावली फिकी होती, जशी पातळ ढगातून पडते. त्यानं वर पाहिलं. ढग नव्हता.

बाईंनी ‘माते’ या तिकडच्या कडवट चहाचा पाला भोपळ्याच्या पेल्यात भरला आणि थर्मासचं झाकण उघडलं. आत पाणी नुकतीच उकळी फुटल्यासारखं बुडबुडत होतं. एल्बिओनं जपून घोट घेतला. माते कोमट होतं. थर्मास बिघडला असेल, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या की दुसरा आणून पाहिला, स्वयंपाकघरात चांगला चालतो.

मग त्यांनी अर्ज काढले. दोघांनी बघायचं असेल तर एक जण काढताना दुसऱ्यानं आत जाऊन बसायचं आणि दोघांच्या सह्या होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हा विभागाचा नियम. साडेआठला बाईंनी काढलं. नऊला पाच मिनिटं असताना एल्बिओ तिपाईवर बसला.

दुर्बीण भलत्याच ग्रहाकडे वळवली आहे, हा त्याचा पहिला विचार होता. त्यानं नळीवरून डोळ्यांनी नेम धरून पाहिला. टोकाला मंगळच होता, एक साधी तांबूस चांदणी. त्यानं आपलं भिंग लावलं. काहीच बदललं नाही. दोनच दिवसांपूर्वी आपल्या गच्चीवरून त्यानं मसुराच्या दाण्याएवढा मंगळ बघितला होता. इथे भिंगात नाणं होतं. गेरूच्या रंगाचं, स्थिर, धारदार कडेचं. आणि अर्धंच उजळलेलं.

त्यानं शिस्तीप्रमाणे केलं. आधी कड, मग अंधाराची रेघ, मग गडद भाग, शेवटी बारीक तपशील. काढता काढता एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. गल्लीच्या टोकाच्या क्लबात कार्निव्हलच्या गाण्यांची तालीम चालू होती. तो परसात आला तेव्हा ढोल छातीत वाजत होता. आता तो ऐकायला कान द्यावा लागत होता. तालीम थांबली नव्हती. ढोल नुसता बारीक झाला होता.

स्वयंपाकघरात येताच तो पुन्हा धडधडू लागला.

दिव्याखाली त्यांनी दोन्ही कागद एकावर एक धरले. कड कडेवर बसली. अंधाराची रेघ रेघेवर. धागे धाग्यांवर. एल्बिओ बराच वेळ बघत राहिला, आणि एकोणीस चित्रं हाताळून जे त्याला दिसलं नव्हतं ते त्याला आत्ता दिसलं. दोन्ही चित्रं पाच सेंटिमीटरच्या छापील वर्तुळात होती. ग्रह केवढा दिसतो, हे साठ वर्षांत अर्जानं कुणाला विचारलंच नव्हतं. दाणा असो की नाणं, वर्तुळात उतरला की तेवढाच.

मोजायची साधी रीत होती. भिंगात एक उभा केस ताणून बसवायचा, दुर्बीण स्थिर ठेवायची आणि फिरत्या आकाशाबरोबर बिंब त्या केसाला ओलांडायला किती वेळ घेतं ते बघायचं. त्या दिवशी मंगळाला सहा दशांश सेकंद लागायला हवे होते. एल्बिओनं पाच वेळा मोजलं. चार पूर्णांक एक.

दोघांनी दुर्बीण उचलली आणि घरातून पुढच्या पदपथावर नेली. बाईंनी मोजलेलं अंतर पंचवीस पावलं होतं. पदपथावर मंगळ मसुराएवढा होता, जवळजवळ पूर्ण उजळलेला. सहा दशांश.

दुर्बीण परत आत आणताना एल्बिओला धाप लागली. विटांवर पाय पडल्यावर जास्तच. त्यानं पुन्हा मोजलं. चार पूर्णांक दोन.

“बाई,” तो म्हणाला, “पृथ्वीवरून अर्धा मंगळ दिसत नाही. कधीच.”

“ते मीच शिकवलं तुला.”

“मग हे काय आहे?”

बाईंनी शालीचं टोक खांद्यावर ओढलं. “तो जवळ येत असता तर पदपथावरही मोठा दिसला असता. तो जिथल्या तिथेच आहे, एल्बिओ. सरकतंय ते दुसरं काहीतरी.”

त्यानं पायाखालच्या विटांकडे पाहिलं आणि लगेच पाहायचं थांबवलं.

तो त्यांना म्हणाला की आजच निघा. अनालीया, त्यांची मुलगी, कोलोनियाच्या इस्पितळात परिचारिका होती. तासाभराच्या अंतरावर तिचं घर. बाईंनी ऐकून घेतलं आणि अर्ज त्याच्यापुढे सरकवला. खाली दुसऱ्या निरीक्षकाच्या सहीची जागा होती.

“तू पाहिलंस. सही कर. मग मी उद्या जाते अनालीयाकडे.”

एल्बिओच्या हातात पेन होतं. मंडळातला एकेक सदस्य त्याच्या डोळ्यांपुढून गेला. अर्धा मंगळ, आणि खाली ग्रहविभागाच्या प्रमुखाची सही. या कागदानं बाईंची एकतीस वर्षं वाचली असती आणि त्याची स्वतःची गेली असती. शिवाय जे पाहिलं ते पाहिलं, हे त्याला त्या क्षणी मान्य करायचं नव्हतं.

“थोडा विचार करतो,” तो म्हणाला. “पंधरा तारखेपर्यंत वेळ आहे.”

बाईंनी कागद परत घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शिक्षकांना असतो तसा एक थकवा होता.

“बरं. सही नसेल तर पुरावा वाढवायला हवा,” त्या म्हणाल्या. “मी काढत राहते.”

*

४ डिसेंबर: बिंब केस ओलांडायला अकरा सेकंद.

८ डिसेंबर: चौतीस सेकंद. उजळलेला भाग आता चंद्रकोरीएवढा, उरलेला अंधारात. समासात बाईंच्या बारीक अक्षरात, लिंबाची पानं सगळी गळली.

११ डिसेंबर: बिंब भिंगात मावत नाही. वर्तुळ वापरलेलं नव्हतं. कागदभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, छायांकन होतं. दऱ्यांच्या सावल्या होत्या.

प्रत्येक कागद दोन दिवसांनी टपालानं यायचा. एल्बिओ तो फाइलमध्ये लावायचा. दुकानात त्यानं त्या आठवड्यात तीन काचा चुकीच्या घासल्या.

गुरुवारी, तेरा तारखेला त्यानं फोन केला. बाई स्वयंपाकघरातून बोलत होत्या. परसात हिवाळी कोट घालावा लागतो, म्हणाल्या, आणि तिपाईवर एका वेळी दहा मिनिटंच बसवतं, नंतर डोकं हलकं होतं. मग विचारलं, “सही केलीस?”

शनिवारी बैठकीत सगळ्यांसमोर करतो, असं त्यानं कबूल केलं. त्याला खरोखरच करायची होती.

“झाली की कळव. तोवर मी बघते.”

पंधरा तारखेला संध्याकाळी सहाला एल्बिओनं बैठकीच्या टेबलावर बाईंचं पहिल्या तारखेचं चित्र ठेवलं, शेजारी स्वतःचं. एका श्वासात सगळं सांगितलं आणि सही केली. कुणीतरी विचारलं की बाईंनी माते पाजलं होतं की आणखी काही. दोघंतिघं हसले. मग दोन्ही कागद हातोहात फिरले, खिडकीच्या काचेवर धरले गेले, आणि हसणं थांबलं. चर्चा दीड तास चालली. ठरलं ते असं: आधीच्या एकतीस वर्षांना हात लावायचा नाही. या वर्षीची चित्रं राखून ठेवायची.

सात वाजून चाळीस मिनिटांनी त्यानं जिन्यात उभं राहून बाईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली.

आठला पुन्हा. साडेआठला पुन्हा.

नऊला त्यानं कोकोला गाठलं. कोकोनं फोन हातात धरूनच भिंतीवरून डोकावलं.

“परसू रिकामं आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे बाई आत गेल्या?”

“बाई नाहीत. दुर्बीण नाही, तिपाई नाही, टेबल नाही. साहेब, तुम्ही या.”

*

कोकोनं पोलिसांना दिलेला जबाब एका पानाचा आहे. साडेसातला त्यानं बाईंना पाहिलं होतं. अंगात कोट, डोक्याला लोकरीची टोपी, डोळा दुर्बिणीला. त्यानं चेष्टेत हाक मारली, बर्फ पडलं का म्हणून. बाईंनी उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळानं, तो वळून निघाला तेव्हा, त्यांनी हात वर केला. जणू हाक तेव्हा पोचली.

अनालीया दहाला पोचली. पुढच्या दाराला आतून कडी होती. कोकोनं भिंतीवरून उतरून ती काढून दिली. स्वयंपाकघरात फोन टेबलावर होता, न उचललेल्या तीन फोनांची नोंद त्यावर होती. परसाला दुसरी वाट नव्हती. विटांवर, बैठकीचे पाय असायचे तिथे, तीन स्वच्छ चौकोन होते.

पोलिसांनी ओढा धुंडाळला, बसथांब्यावर विचारलं, पुढच्या दाराला कुलूप घालून कागद चिकटवला. अनालीयानं एल्बिओला एकच प्रश्न विचारला, आई पहिल्या तारखेनंतर माझ्याकडे येणार होती का. त्यानं खरं ते सांगितलं. त्यानंतर ती त्याच्याशी फारसं बोललेली नाही.

कोकोचं म्हणणं, सोळा तारखेपासून बाईंच्या परसात ऊन पूर्वीसारखं पडतं. दोरीवर राहिलेली चादर त्याच दुपारी वाळली.

शनिवारी, बावीस डिसेंबरला, सकाळी दहाला कोकोनं भिंतीवरून पाहिलं तेव्हा विटा मोकळ्या होत्या. दुपारी बाराला फरशीच्या मध्यावर एक कागद पडलेला होता. वारा नव्हता. दाराचं कुलूप आणि चिकटवलेला कागद जागच्या जागी होते. त्यानं आधी अनालीयाला बोलावलं, मग एल्बिओला. तिघांनी मिळून तो उचलला.

मंडळाचाच अर्ज होता. अक्षर बाईंचं. तारीख २१ डिसेंबर.

छापील वर्तुळाच्या मध्यावर एक लहानसं बिंब होतं, निळ्या पेन्सिलीनं भरलेलं, त्यावर पांढरे सोडलेले फाटे, एक बाजू अंधारात. नखाएवढ्या अंतरावर एक करडा ठिपका.

“हा कुठला ग्रह?” अनालीयानं विचारलं.

एल्बिओनं कागद तिच्या हातात दिला आणि विटांवरून बाजूला झाला.

सव्वीस तारखेला दुकान बंद केल्यावर त्यानं नोंदवही उघडली. राखून ठेवलेली चित्रं त्यानं कुणालाही न विचारता एकेक करून चढवली, आणि शेवटी हे. नियमाप्रमाणे प्रत्येक रकाना अर्जावरून जसाच्या तसा उतरवावा लागतो. निरीक्षक: निबिया फागुंदेस. दुर्बीण: चार इंची आरसा. ग्रह: छापील ‘मंगळ’ एका रेघेनं खोडलेला, पुढे काही लिहिलेलं नाही. ठिकाण: घरचं परसू.

त्याखाली हवेचा रकाना असतो. हवा किती स्थिर आहे, ते एक ते पाच यांपैकी आकडा घालून सांगायचं. बाईंनी आकडा घातला नव्हता. तिथे एक शब्द होता आणि तो एल्बिओनं तसाच उतरवला.

हवा: नाही.